लाकडातले पाठभेद : प्रस्तावना

एका वाड्याच्या दाराची चौकट दुरुस्तीला आली होती. डावीकडची उभी पट्टी वाळवीने खाल्लेली, उजवीकडची बरीचशी शाबूत. काम सोपं वाटलं. उजवीचं माप घ्यायचं, संगणकात तिची वळणं काढायची आणि सीएनसी राउटरवर, म्हणजे संगणकाच्या आकड्यांवर चालणाऱ्या कोरीव यंत्रावर, डावी कोरून काढायची. माप घ्यायला सोयीची जागा म्हणजे उभ्या माणसाच्या कमरेच्या उंचीवरची, म्हणून तिथलंच घेतलं. साडेसात फुटांची सागवानी पट्टी यंत्रावरून उतरली तेव्हा मी खुशीत होतो. मिस्त्रींनी ती जागेवर धरली, वर गणेशपट्टीच्या कोपऱ्यात जुन्या आडव्या पट्टीला भिडवली आणि म्हणाले, "अहो, हे झिजलेलंच कोरलंत की तुम्ही."

वर, जिथे कुणाचा हात पोचत नाही, तिथे जुन्या पट्टीचं नाक तीन मिलिमीटर पुढे होतं आणि त्याच्याखाली एक बारीक खाच होती. कमरेच्या उंचीवर ती खाच दिसतच नव्हती. येणाऱ्याजाणाऱ्यांचे तळवे आणि खांदे लागून नाक बसकं झालं होतं, आणि सणासुदीला दिलेल्या तेलरंगाच्या थरांनी खाच भरून गेली होती.

यंत्राची यात काहीच चूक नव्हती. जी रेघ दिली ती त्याने इमानाने कोरली. चूक वाचनात होती आणि ती माझी होती. म्हणून जुन्या लाकडी मोल्डिंगची नवी जोड तयार करण्याच्या या विद्येत तुमचं स्वागत करताना मी यंत्रापासून सुरुवात करत नाही. तुमच्यापैकी काही जण वास्तुरचनेचे विद्यार्थी असतील, काही फर्निचरच्या कारखान्यात राउटर चालवणारे, तर काही घरच्या वाड्याचं आता काय करायचं या चिंतेतले वारसदार. सगळ्यांनाच आधी एवढं सांगायचं आहे की तुमच्यासमोरची पट्टी ही मूळ संहिता नव्हे; ती तिची हाताळून जुनी झालेली प्रत आहे.

मराठी वाचकाला ही कल्पना परकी नाही. ज्ञानेश्वरीत जवळजवळ तीनशे वर्षांत इतके पाठ शिरले की एकनाथांना शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, तिची प्रत शुद्ध करावी लागली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं आणि ते १९६६ पर्यंत चाललं. पाठचिकित्सेत एक जुना संकेत आहे: दोन पाठांपैकी अवघड तो बहुधा जुना, कारण नकलाकार कळत-नकळत अवघडाचं सोपं करत जातो. लाकडाला हा संकेत फार चपखल लागू पडतो. झीज आणि रंग हे दोघे असेच नकलाकार आहेत. टोकदार कड ते गोल करतात, बारीक खाच बुजवतात, दोन वेगळ्या गोलाया एकमेकींत विरघळवतात. पण नव्याने एखादी खाच पाडणं त्यांना जमत नाही. म्हणून सहा जागी पट्टीचा छेद, म्हणजे तिच्या आडव्या कापाची रेघ, घेतला आणि पाच जागी खाच नाही, एका जागी आहे, तर बहुमत पाचांचं असलं तरी खरं ते एकाचं.

याच कारणाने सरासरी काढण्याच्या मोहापासून मी विद्यार्थ्यांना सावध करतो. संगणक सहा रेघांची सरासरी क्षणात देतो आणि ती दिसतेही गुळगुळीत, विश्वासार्ह. पण हाताने केलेल्या पट्टीत खाच कुठे अर्धा मिलिमीटर वर, कुठे अर्धा मिलिमीटर खाली असते. सहांची सरासरी घेतली की खाचेऐवजी एक उथळ, पसरट दरी उरते. तो आकार कुठल्याच सुताराने कधी तासलेला नसतो. त्यापेक्षा कमीत कमी झिजलेला एक छेद आधार म्हणून धरावा आणि इतरांवरून त्यातले तेवढे दोष दुरुस्त करावेत.

वाचायचं तर अक्षरं ओळखता आली पाहिजेत. आपल्या कारखान्यांत 'मोल्डिंग', 'बीडिंग' आणि 'पट्टी' या तीन शब्दांवर सगळा व्यवहार चालतो. त्याने काम भागतं, पण नजर तयार होत नाही. खरं पाहता या आकारांची नावं आपल्याकडे दगडात केव्हाचीच आहेत. सिन्नरच्या गोंदेश्वराच्या किंवा अंबरनाथच्या शिवमंदिराच्या तळाशी उभं राहून खालून वर नजर न्या: जाड्यकुंभ, कर्णिका, अंतरपत्र, खुर, कुंभ, कलश, कपोताली अशा थरांची नावं शिल्पशास्त्राने दिलेली आहेत. जाड्यकुंभाचं अर्धं आत, अर्धं बाहेर जाणारं वळण आणि ग्रीकांनी ज्याला लाट म्हटलं ते 'सायमा' हे वळण एकमेकांची भावंडं शोभावीत. कर्णिकेची धार, अंतरपत्राची सावलीची खोबण, कुंभाचं फुगीर पोट हे सगळं लाकडी पट्टीतही लहान आकारात भेटतं. द्वारशाखांचंही तसंच. देवळाच्या दाराभोवतीच्या त्रिशाखा, पंचशाखा मोजायची ज्याला सवय आहे, त्याला वाड्याच्या चौकटीवरचे वेल, मणी आणि कमळपाकळ्यांचे पट्टे वेगळे काढून पाहायला शिकवावं लागत नाही. मी या पुस्तकात शक्य तिथे हीच नावं वापरली आहेत. ती जड वाटली तर वाचकाने खुशाल 'पोट', 'खोबण', 'नाक' म्हणावं. माझे मिस्त्री तेच म्हणतात आणि त्यांचं काही अडलेलं नाही.

या मोल्डिंगांचं खरं काम सावली पाडण्याचं असतं. पुण्याच्या विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागाकडे सकाळी आणि भर दुपारी असं दोनदा पाहा. १८०७ च्या सुमाराचा दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा. १८७९ च्या आगीत त्याचा काही भाग जळाला. तिथले सुरूचे खांब, केळफुलं आणि महिरपी लांबून नक्षी म्हणून दिसतात, पण डोळ्याला धरून ठेवतात त्या कडांखालच्या काळ्या रेघा. कड अर्ध्या मिलिमीटरने बोथट झाली की ती रेघ राखाडी होते. हातात घेतलेल्या नव्या तुकड्यात हा फरक कळत नाही. भिंतीवर लावून दहा फूट मागे सरलं की लगेच कळतो.

छेद घ्यायचा कसा? आधी रंग उतरवायचा, आणि तोही कोरड्या पॉलिश पेपरने घासून नव्हे. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ च्या अखेरीस लागू झाली. त्याआधीच्या तेलरंगाच्या धुळीत शिसं असू शकतं, असंच धरून चालावं. रंग मऊ करून, ओला ठेवून, हाडाच्या किंवा लाकडाच्या पात्याने काढावा. लोखंडी पातं खाचेत शिरलं की आपणच नवा पाठ तयार करतो.

मग माप. दातेरी कंगव्यासारखं जे मापक बाजारात मिळतं ते खोलीची चटई बसवायला ठीक आहे; त्याचे दात साधारण मिलिमीटरभर जाड असल्याने त्याहून अरुंद खाच त्याला दिसतच नाही. पट्टीचा तुटका तुकडा हाती असेल तर त्याचं टोक स्वच्छ काटकोनात कापून ते साध्या सपाट स्कॅनरवर उभं ठेवावं. ६०० डीपीआयला एक ठिपका ०.०४ मिलिमीटरचा पडतो, याहून बारीक तपशील लाकडाला पेलवत नाही. शेजारी एक पोलादी पट्टी आडवी आणि एक उभी ठेवायला विसरू नये, कारण पुष्कळ स्कॅनर प्रतिमा एका दिशेने किंचित ताणतात. तुकडा कापता येणार नसेल तर जुन्या सुतारांची युक्ती आहे: एखाद्या न दिसणाऱ्या जागी बारीक दातांच्या करवतीने चीर पाडायची, तिच्यात जाड कागद सरकवायचा आणि कडेने पेन्सिल फिरवायची. मूळ लाकडावर करवत लावायची की नाही हा निर्णय मात्र मालकाला विचारून घ्यावा. मी एकदा न विचारता घेतला होता. त्या घरी पुन्हा चहा मिळाला नाही.

कोरीव वेल, पाकळ्या यांना छेद पुरत नाही. तिथे चहूबाजूंनी फोटो घेऊन किंवा प्रकाशाच्या पट्ट्या टाकणाऱ्या स्कॅनरने पृष्ठभागाची जाळी करावी लागते. तिची चर्चा तिसऱ्या भागात आहे.

रेघ संगणकात आली की लगेच तिच्यावरून वक्र फिरवू नका. आधी विचारा, ही मूळची कंपासाने काढलेली असेल का? रोमन परंपरेतली वळणं बहुतेक वर्तुळाच्या कंसांची जोडलेली असतात, ग्रीक परंपरेतली लंबवर्तुळासारख्या पसरत्या वक्रांची. मुंबईच्या जुन्या इंग्रजी धाटणीच्या घरांतून काम करणाऱ्याला हा फरक रोज लागतो. पण कंस वर्तुळात बसला नाही म्हणून तो ग्रीक ठरत नाही. सागाचं ओलं लाकूड पूर्ण सुकेपर्यंत त्रिज्येच्या दिशेने सुमारे २.५ टक्के आकसतं, वाढवलयांच्या दिशेने ५.८ टक्के, आणि लांबीत जवळजवळ काहीच नाही. अर्धवट सुकलेल्या लाकडात सुताराने काढलेलं वर्तुळ पुढच्या वर्षांत आपोआप दबून अंडाकृती होतं. साठ मिलिमीटर रुंदीत दोन टक्के म्हणजे १.२ मिलिमीटर, शेजारच्या जुन्या पट्टीशी सांधा जुळवताना एवढं अंतर बोटालाही लागतं. म्हणून आधी टोकावरची वाढवलयं पाहावीत, मग वक्र ठरवावा.

मापांचंही तेच. वाड्यातल्या पट्टीची रुंदी मिलिमीटरमध्ये वेडीवाकडी येते आणि आपण ती झिजेच्या खात्यावर टाकतो. गजाचे २४ तसू हा हिशेब लावून पाहिला की तोच आकडा कधीकधी स्वच्छ भागतो. मात्र गज सगळीकडे सारखा नव्हता. आधी त्याच इमारतीतले खण आणि चौकटी मोजून तिथला गज शोधावा लागतो. हे काम मला सगळ्यांत आवडतं, आणि बिलात ते कुठल्या नावाने लावावं हे अजून सुचलेलं नाही.

आता यंत्राकडे. लाकूड कोरण्याचं काम यंत्राला देण्याची कल्पना सीएनसीच्या आधी शंभर वर्षं प्रत्यक्षात आली होती. १८३४ च्या आगीनंतर लंडनचं पार्लमेंट नव्याने बांधलं जात असताना तिथल्या अफाट लाकूडकामासाठी थॉमस ब्राउन जॉर्डनचं १८४५ चं पेटंट असलेलं कोरीव यंत्र वापरलं गेलं. नमुन्यावरून एक बोथट काटा फिरे आणि त्याच्या जोडीने फिरणारी पाती कोऱ्या लाकडातून तोच आकार काढत. यंत्र ढोबळ आकार काढी आणि शेवटचा हात कारागीर फिरवत. आजही चांगल्या कारखान्यात श्रमाची वाटणी नेमकी अशीच आहे, फक्त नमुन्याच्या जागी आकडे आले. ते कसे आले याची गोष्ट हेलिकॉप्टरच्या पात्यांची आहे. अमेरिकेत जॉन पार्सन्स हे पात्याच्या वक्राचे बिंदू छिद्रपत्रांच्या गणनयंत्रावर काढून घेत आणि त्या बिंदूंवरून कारागिरांकडून धातू कापून घेत. त्यातून पुढे एमआयटीत १९५२ साली आकड्यांवर चालणारं मिलिंग यंत्र दाखवलं गेलं. वक्र बिंदूंनी सांगायचा, ही मूळ गरज पात्याची आणि पट्टीची एकच.

बिंदूंनी सांगायचा म्हटलं की प्रश्न येतो, किती दाट बिंदू? इथे थोडं गणित करू. गोल टोकाचं कटर शेजारी-शेजारी फेऱ्या मारतं आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये एक बारीक उंचवटा राहतो. फेऱ्यांतल्या अंतराचा वर्ग घ्यायचा, त्याला कटरच्या त्रिज्येच्या आठपटीने भागायचं, म्हणजे त्याची उंची येते. सहा मिलिमीटर व्यासाचं कटर आणि ०.६ मिलिमीटर अंतर घेतलं तर उंचवटा ०.०१५ मिलिमीटरचा, पॉलिशखाली तो नाहीसा होतो. पण शंभर मिलिमीटर रुंद पट्टीवर अशा १६७ फेऱ्या बसतात. मिनिटाला तीन मीटर वेग धरला तर एक मीटर पट्टीला, ढोबळ कापणी सोडून, ५६ मिनिटं लागतात. अंतर निम्मं करा, वेळ दुप्पट.

याचा अर्थ रोखठोक सांगायचा तर सरळ, लांब पट्टीसाठी सीएनसी राउटर हे बहुधा चुकीचं यंत्र आहे. तीच पट्टी, त्याच छेदाचं पातं घासून घेऊन, स्पिंडल मोल्डरवर, म्हणजे उभ्या दांड्यावर पातं फिरवणाऱ्या यंत्रावर, एका फेरीत निघते. इंग्लंडमधल्या सुतारांनी हेच हाताने केलं होतं. एका छेदाला एक रंधा, किंवा पोकळ आणि गोल रंध्यांच्या जोड्या. पूर्ण संचात अशा १८ जोड्या असत आणि त्यांतून बहुतेक कोणताही छेद रचता येई. दोनशे फूट एकसारखी पट्टी हवी असेल तर राउटरवर फक्त त्या पात्याचा साचा कोरून घ्या आणि यंत्र मोकळं करा. राउटरची खरी जागा इतरत्र आहे: महिरपीची वळलेली पट्टी, तीन फुटांचा एकुलता एक तुकडा, कोरीव पाकळ्यांचा थर, केळफूल. ज्या आकाराला रंधा सरळ ढकलता येत नाही तिथे हे यंत्र आपली किंमत वसूल करतं.

त्याच्या मर्यादाही कटरच्या आकारात लिहिलेल्या आहेत. फिरणारं पातं आतला कोपरा धारदार काढूच शकत नाही. तीन मिलिमीटरचं गोल टोक प्रत्येक खाचेच्या तळाशी दीड मिलिमीटरची गोलाई ठेवतं, म्हणजे मघाशी सांगितली ती सावलीची रेघ पुसतं. टोकदार कटरने थोडं भागतं, पण शेवट पटाशीनेच करावा लागतो. सागात सिलिका असल्याने पोलादी पाती लवकर बोथटतात, म्हणून कार्बाइड हवं. वेगाचं तारतम्यही हवं: १८,००० फेऱ्यांवर दोन धारांचं कटर मिनिटाला तीन मीटर चालवलं तर प्रत्येक धार ०.०८ मिलिमीटरचा भुसा उचलते. त्याहून फार हळू गेलात तर धार कापायची सोडून घासते, लाकूड काळं पडतं आणि कटरही जळतं. भुसा ओढून घेणारी नळी आणि मास्क यांत कंजूषी करू नका. लाकडाची धूळ १९९५ पासून माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे.

आणि पॉलिश पेपर. चांगली कोरलेली पट्टी सर्वांत जास्त बिघडते ती इथे. यंत्रावरून उतरल्यावर हौशी हात तिला ऐंशी नंबरने घासतो आणि दहा मिनिटांत तिच्यावर शंभर वर्षांची झीज चढवतो. घासण्याचीही खूण मागे राहते. १९८६ साली लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात आग लागून जुना लाकूड-कोरीवकार ग्रिन्लिंग गिबन्स याचं सात फूट लांबीचं एक कोरीव काम जळालं. ते पुन्हा कोरायला डेव्हिड एस्टर्ली हा अमेरिकन कारागीर गेला. त्याच्या निरीक्षणातली एक गोष्ट मला सतत आठवते: गिबन्सच्या पृष्ठभागावरचे अगदी बारीक ओरखडे त्याने पाहिले आणि ते सिलिकायुक्त खडबडीत खोडाच्या एका गवतासारख्या वनस्पतीने घासल्याचे ओळखले. हत्यार आपली सही मागे ठेवतं. बॅटरी आडवी धरून जुन्या पट्टीवरून प्रकाश सरकवा. रंध्याच्या लांबच लांब समांतर रेघा, पटाशीचे लहान पैलू, फिरत्या पात्याच्या आडव्या, सारख्या अंतराच्या लहरी हे सगळं वेगवेगळं दिसतं. वाड्यातल्या जुन्या म्हणवणाऱ्या पट्टीवर अशा आडव्या लहरी दिसल्या तर समजा की आपल्याआधीही कुणीतरी यंत्र घेऊन इथे येऊन गेलं आहे.

मग नवी पट्टी जुनीसारखी दिसू द्यावी का, हा वाद उरतोच. स्मारकांच्या जतनाबद्दलची १९६४ ची व्हेनिस सनद म्हणते की भर घातलेला भाग एकूण रचनेशी जुळावा, पण मूळ भागापासून वेगळा ओळखता यावा. वारसा जपणाऱ्या इन्टॅक या संस्थेची २००४ ची सनद भारतातल्या राजमिस्त्री आणि स्थपतींच्या जिवंत परंपरेला मान देते आणि त्या परंपरेने केलेल्या नव्या कामाकडे अधिक मोकळेपणाने पाहते. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे. मात्र हात मिस्त्रींचा असेल तेव्हाच. संगणकातल्या जाळीवरून थेट निघालेल्या आणि कुणाचीच पटाशी न लागलेल्या तुकड्याला परंपरेचा आडोसा देणं मला पटत नाही.

आमच्या कारखान्यात एक रीत आम्ही पाळतो. प्रत्येक नवा तुकडा भिंतीकडच्या बाजूने उलटा करून टोकदार कटरने त्यावर दोन मिलिमीटर खोल साल कोरतो, आणि मूळ छेद कुठल्या चौकटीवरून, किती उंचीवरून घेतला तेही. यंत्राला त्यासाठी मिनिटभरही लागत नाही. त्या पहिल्या साडेसात फुटी पट्टीच्या पाठीवर तेव्हा काहीच लिहिलं नव्हतं. ती अजून माझ्याकडे आहे, कारखान्याच्या दाराच्या आत उभी केलेली. तिच्या मागे आता आम्ही कोरलं आहे: 'कमरेच्या उंचीवरून'.